निळा कोट आणि उपकारस्तुतीचं अर्पण



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा. गेले दोन महिने हे मनात घोळत होतं. आज नाइट ड्यूटी करून आले, झोप काही येईना, म्हणून लिहायला घेतलं.

सप्टेंबरच्या शेवटी मुलाच्या शाळेतून नेहमीची चिठ्ठी आली. शुक्रवारी हार्वेस्ट असेंब्ली आहे, प्रत्येकाने फूड बँकेसाठी एक टिकाऊ पदार्थ आणावा, तारीख उलटलेली नसावी. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना ही चिठ्ठी पाठ असेल. माझ्या लक्षात आलं ते शुक्रवारी सकाळी साडेसातला. एका हातात मुलीची वेणी, गॅसवर दूध. कपाटात मागे हात घातला आणि पहिला लागला तो टिन काढला. मसुराच्या सूपचा. कधीतरी ऑफरमध्ये दोन घेतले होते, एक खाल्ला, कुणालाच आवडला नाही, दुसरा तसाच पडून होता. तारीख बघितली, तीन आठवडे बाकी होते. दिला त्याच्या हातात.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. टिन दप्तरात टाकता टाकता त्याने विचारलं, "मम्मी, फूड बँकेत कोण जातं?"

"ज्यांच्याकडे पैसे नसतात ते."

"आपण कधी गेलोय?"

"नाही रे. चल, बूट घाल, उशीर होतोय."

मी खोटं बोलले.

आम्ही गेलो होतो. एकदा नाही, तीनदा. जानेवारी आणि फेब्रुवारी 2019 मध्ये.

ज्या बहिणी नर्स म्हणून इकडे आल्या आहेत त्यांना तो काळ वेगळा सांगायला नको. मी ऑक्टोबर 2018 मध्ये एकटी आले. ओस्की परीक्षा पास होऊन पिन नंबर मिळेपर्यंत पगार खालच्या बँडचा. पहिल्या खेपेला मी नापास झाले. तोपर्यंत मिस्टरांची आणि मुलाची तिकिटं काढून झाली होती, गावाकडे कर्ज झालं होतं, इथे घराचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं एकदम भरलं होतं. ते दोघं जानेवारीत आले. मुलगा अडीच वर्षांचा. मिस्टरांना काम मिळायला तीन महिने लागले. व्हिसावर स्पष्ट लिहिलेलं, सरकारी मदतीवर हक्क नाही. हीटर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, असा आमचा हिशोब होता.

लहान मूल नव्याने आलं की इथे हेल्थ व्हिजिटर घरी येते. ती आली. मुलाच्या अंगात दोन स्वेटर, त्यावर माझी शाल. तिने त्याचं वजन केलं, आणि मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, घरात खायला पुरेसं आहे ना? मी म्हटलं, हो हो, सगळं आहे. तिने काही वाद घातला नाही. जाताना टेबलावर फूड बँकेचं व्हाउचर ठेवून गेली.

तीन दिवस ते व्हाउचर तिथेच पडून होतं. चौथ्या दिवशी मी गेले. एका चर्चच्या हॉलमध्ये होती ती फूड बँक. मला वाटलं होतं रांग असेल, लोक बघतील. तर तिथे टेबलं मांडलेली, कुणीतरी चहा आणून दिला, एका बाईंनी शेजारी बसून यादी केली. पास्ता, टोमॅटोचे टिन, टिकाऊ दूध, चहा, तांदूळ, बिस्किटं. भात खाता का असं त्यांनी मुद्दाम विचारलं होतं. त्या बाई सत्तरीच्या असतील. उठून आत गेल्या आणि लहान मुलांच्या कपड्यांतून एक निळा कोट घेऊन आल्या. लाकडी बटणांचा, आत लोकरीचं अस्तर. मुलाच्या अंगावर घालून बाह्या वर दुमडल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षीही होईल याला.

खरंच झाला. आमच्या अल्बममध्ये त्या कोटातले त्याचे कितीतरी फोटो आहेत. बर्फातला पहिला फोटो त्याच कोटातला. एकदा त्याने विचारलं होतं, हा कोट कुठे गेला? मी सांगितलं, सेलमध्ये घेतला होता, लहान झाला म्हणून देऊन टाकला.

आईला मी यातलं काहीच सांगितलं नाही. फोनवर म्हणायचे, सगळं झकास आहे. पुढे पिन मिळाला, पगार वाढला, मिस्टरांना काम लागलं, मुलगी झाली, घर बदललं. त्या हॉलवरून माझी बस जायची तेव्हा मी मोबाईलमध्ये बघत बसायचे. साडेसहा वर्षांत एकदाही आत पाऊल टाकलं नाही. त्या बाईंना साधं "थँक यू" म्हणायलासुद्धा नाही.

आणि या सगळ्या काळात मी दशमांश देत होते बरं का. स्टँडिंग ऑर्डर आहे, दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला आपोआप जातो. गिफ्ट एडची खूण केलेली आहे, त्यामुळे माझ्या एका पौंडावर सरकारकडून चर्चला आणखी पंचवीस पेन्स मिळतात. कागदोपत्री मी चांगली देणारी आहे. पण मुलांनी मला कधी देताना बघितलंच नव्हतं. त्यांच्या दृष्टीने आम्ही देवाला वर्षातून एकदा देतो. तेही कपाटातलं नको असलेलं सूप.

त्याच आठवड्यात माझं आणि आईचं भांडण झालं.

आई नगर जिल्ह्यात गावी एकटी राहते. वडील जाऊन आठ वर्षं झाली. आईने मिशनच्या बोर्डिंगमध्ये तीस वर्षं भाकऱ्या थापल्या, पेन्शन वगैरे काही नाही. मी दर महिन्याला पाठवते त्यावर तिचं चालतं. तिला आता कमी ऐकू येतं. नातवंडं फोनवर बोलतात आणि ती नुसती हसते, मान हलवते, मला कळतं की तिला काही समजलेलं नाही. म्हणून ऑगस्टमध्ये मी कानाच्या मशीनसाठी वेगळे चाळीस हजार पाठवले. दुकानात विचारून ठेवलं होतं, मशीन बरोबर चाळीसला होतं.

आईने काय केलं? आधी चार हजार काढून देवळात दिले. मग छत्तीस हजारांत बसेल ते घेतलं. ते शिट्टी मारतं, आणि फोनवरचं नीट ऐकू येत नाही ते नाहीच.

मी फार चिडले. भांडण अर्धं अर्धं दोनदा करावं लागलं, कारण तिला पहिल्यांदा ऐकूच जात नव्हतं. आता आठवून हसू येतं, तेव्हा नाही आलं.

मी म्हटलं, "आई, ते पैसे तुझ्या कानासाठी होते! देवाला तुझ्या चार हजारांची गरज आहे का?"

"पैसे कुणाचे होते गं?"

"माझे!"

"मग पाठवलेस कशाला? घेऊन जा परत."

"तसं नाही म्हणत मी..."

"मला दिलेस तर माझे झाले. माझे झाले तर त्यातला पहिला वाटा कुणाचा, हे मला शिकवू नको. तुझा बाप रोजगार हमीवर दगड फोडायचा तेव्हासुद्धा काढत होतो आम्ही."

मग मी शास्त्र काढलं. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना रागावतो ना, आईबापांना द्यायचं ते "कुर्बान" म्हणून देवाच्या नावाने बाजूला ठेवता म्हणून? मी म्हटलं, बघ, प्रभूलासुद्धा हे आवडत नाही. आई खळखळून हसली. म्हणाली, "पोरी, ते लेकरांना सांगितलंय. आईबापांना नाही!"

यावर मला उत्तर नव्हतं. फोन ठेवायच्या आधी ती जे बोलली ते मात्र मला लागलं. म्हणाली, "सगळे मलाच देतात गं. तू देतेस, शेजारीण कोरड्यास आणून देते, पाळकसाहेब किराणा आणून टाकतात. मी काय नुसती घेतच बसू? मलाही कुणाला तरी द्यायला पाहिजे ना."

आपण परदेशातून आईवडिलांना पैसे पाठवतो तेव्हा मनात एक अदृश्य पावती ठेवतो, हे माझ्या लक्षात आलं. हे औषधाला, हे गॅसला, हे मशीनला. त्यांनी ते दुसऱ्या कशाला वापरले की आपल्याला राग येतो, म्हणजे ते आपण दिलेलेच नसतात. देव असं करत नाही. तो देतो ते खरोखर आपलं होऊ देतो, इतकं आपलं की ते परत त्याच्यापुढे ठेवायचं की नाही हेही आपल्यावर सोडतो. दावीद राजा मंदिरासाठी सोनंनाणं गोळा करून झाल्यावर प्रार्थनेत हेच कबूल करतो, की तुझ्याच हातचं घेऊन तुला दिलं. 1 इतिहासाचा एकोणतिसावा अध्याय काढून बघा.

ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही दहा दिवस गावी गेलो. योगायोगाने त्याच रविवारी मंडळीत हंगामाची उपासना होती. आम्ही लहानपणापासून तिला नुसतं "हार्वेस्ट" म्हणतो. गंमत म्हणजे आज इंग्लंडच्या शाळाशाळांतून दिसणारा हा सण या स्वरूपात सुरू झाल्याचं श्रेय कॉर्नवॉलमधल्या मॉरवेन्स्टो गावच्या रॉबर्ट हॉकर या पाळकाला देतात, साल 1843. तसाच सण मिशनऱ्यांच्या मागोमाग आपल्याकडे बाजरीच्या शेतांत येऊन पोचला. इकडे टिन, तिकडे बाजरी, एवढाच फरक.

आदल्या संध्याकाळी आई परसातली सीताफळं निवडत बसली होती. डोळे उघडलेली, मोठी, बिनडागाची सीताफळं पाटीत. फुटलेली, किडकी, पाखरांनी टोचलेली आमच्यासाठी ताटात. मुलगा शेजारी बसला होता. त्याने विचारलं, चांगली का देऊन टाकतेस? आईने मशीनवर हात ठेवला, त्याने कानाजवळ जाऊन परत विचारलं.

आई म्हणाली, "बस, गोष्ट सांगते." ही गोष्ट ती दरवर्षी हार्वेस्टच्या आदल्या दिवशी सांगते. मी लहानपणी इतक्यांदा ऐकली की नंतर ऐकायचंच बंद केलं.

आईची आजी, म्हणजे माझी पणजी, मोठ्या दुष्काळात मिशनच्या दारात सापडलेली पोर. 1899-1900 चा तो दुष्काळ. चार-पाच वर्षांची असेल. तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव आम्हाला माहीत नाही, मिशनने ठेवलेलं माहीत आहे. ती सांगायची की तिथे पहिल्यांदा पिवळ्या दाण्याच्या कण्या खायला मिळाल्या. बाजरी माहीत होती, ज्वारी माहीत होती, हे काय ते कळेना. कुणीतरी सांगितलं, हा सातासमुद्रापलीकडून आलेला मका आहे. ज्यांनी पाठवला त्यांनी हिला कधी बघितलं नाही, हिने त्यांना बघितलं नाही.

ही घरातली गोष्ट आहे, पण तिच्यामागे इतिहास आहे. त्या दुष्काळात अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने वाचकांकडून वर्गणी गोळा केली होती, आणि 1900 च्या मे महिन्यात "क्विटो" नावाचं जहाज मका भरून न्यूयॉर्कहून मुंबईला निघालं होतं. पणजीच्या ताटात आला तो त्याच जहाजातला की दुसरा कुठला, ते सांगता येणार नाही. पण कुणा अनोळखी माणसाने दिलेल्या दाण्यांवर ती जगली, म्हणून आई झाली, म्हणून मी झाले, म्हणून माझी मुलं मिडलंड्समध्ये शाळेत जातात, एवढं नक्की.

गोष्ट संपली तसा मुलगा आजीच्या कानाशी गेला आणि विचारलं, "आजी, तिला लाज नाही वाटायची? दुसऱ्यांचं फुकट खाल्लं म्हणून?"

आईला ऐकू आलं नाही. त्याने परत विचारलं. मग तिसऱ्यांदा, मोठ्याने. मी चुलीपाशी उभी होते. त्या तीन वेळांत मला काय वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही.

आई म्हणाली, "लाज कसली? उपाशी होती, खायला दिलं. लाज वाटली असती तर तिनं कुणाला सांगितलंच नसतं. मग आपण उपकार कुणाचे मानले असते?"

रविवारी देवळासमोर पाट्या मांडल्या होत्या. बाजरी, मका, भोपळे, नारळ, पाय बांधलेल्या कोंबड्या, एका घरचा केक. उपासनेनंतर लिलाव. ज्यांनी हार्वेस्टचा लिलाव बघितलाय त्यांना माहीत आहे, एकच अंडं पाच वेळा विकलं जातं. घेणारा पैसे भरतो आणि अंडं परत मंडळीला देतो, पुन्हा बोली. आमच्या चिरंजिवांनी शंभर रुपयांना अंडं घेतलं आणि परत द्यायला तयार होईना, मग सगळे हसायला लागले तेव्हा दिलं. आईच्या सीताफळांना साडेतीनशे आले. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

मी तिथे बसून अनुवादाचा सव्विसावा अध्याय वाचत होते, कारण पाळकांनी त्यावरच संदेश दिला होता. पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकाकडे जायचं, ती खाली ठेवायची, एवढंच तिथे सांगितलेलं नाही. टोपली देताना प्रत्येकाने मोठ्याने एक गोष्ट सांगायची आहे. की आमचा पूर्वज भटका माणूस होता. मूठभर लोक घेऊन मिसरात गेला, तिथे परका म्हणून राहिला, तिथे आम्हाला छळलं, आणि देवाने आम्हाला तिथून काढून इथे आणलं. आणि मग त्या टोपलीतलं घेऊन घरच्यांबरोबर, लेव्यांबरोबर आणि आपल्यात राहणाऱ्या परक्या माणसाबरोबर आनंद करायचा.

म्हणजे पोटभर झालेल्या माणसाने आपण उपाशी होतो हे सांगितल्याशिवाय ते अर्पण पूर्ण होत नाही. माझ्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये रक्कम बरोबर होती, गोष्ट नव्हती. आणि परक्या माणसाचा जो वाटा त्या टोपलीत आहे, तो 2019 मध्ये आम्ही खाल्ला होता. परके आम्ही होतो.

त्या रात्री अंगणात बाजेवर मी मुलाला सगळं सांगितलं. व्हाउचर, हॉल, पास्ता, कोट. आणि त्या दिवशी सकाळी मी खोटं बोलले तेही. तो जरा वेळ गप्प होता. मग विचारलं, "तो ब्लू कोट? बर्फातला?" मी म्हटलं, हो तोच. "आणि तू त्यांना ते सूप दिलंस?"

हो. तेच सूप दिलं.

नोव्हेंबरमध्ये आमच्या मराठी संगतीत उपकारस्तुतीची सभा होती आणि वचन सांगायची पाळी माझी होती. लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी. दहा बरे झाले, एक परत आला, आणि तो शोमरोनी होता, परका. आपण नेहमी त्या नऊ जणांना कृतघ्न म्हणून मोकळे होतो. मी त्या दिवशी म्हटलं, मला ते नऊ जण ओळखीचे वाटतात. ते वाईट नसतील. ते घरी गेले असतील, लेकरांना उचलून घेतलं असेल, कामाला लागले असतील. त्यांना फक्त एक गोष्ट नको होती. परत जाऊन आभार मानायचे म्हणजे भर रस्त्यात सगळ्यांसमोर कबूल करायचं, की मी कुष्ठरोगी होतो. ते त्यांना विसरायचं होतं. मीही साडेसहा वर्षं बसमध्ये खाली मान घालून तेच करत होते.

सभा संपल्यावर दोन जणी माझ्याजवळ आल्या. एकीने नुसता हात धरला. दुसरी म्हणाली, आम्हीही गेलो होतो गं, आम्हीही कुणाला सांगितलं नाही. यापेक्षा जास्त मी इथे लिहीत नाही, ती त्यांची गोष्ट आहे.

मग एका गुरुवारी मी त्या हॉलमध्ये गेले. मुलाला घेऊन गेले. त्या बाई तिथे नव्हत्या. मी वर्णन सांगितलं, कोटाचं सांगितलं, पण आताच्या मंडळींपैकी कुणालाच नक्की आठवेना. इतक्या वर्षांत कितीतरी जण येऊन गेले म्हणाले. मी उशीर केला. ज्यांचे आभार मानायचे ते माणूसच सापडू नये, हे मला फार लागलं आणि अजून लागतं. तुमच्या मनात असं कुणी असेल तर थांबू नका, एवढंच सांगते.

आता पंधरा दिवसांतून एका गुरुवारी मी तिथे टिन लावायला जाते. तारखा बघायच्या, वेगवेगळ्या पेट्यांत भरायचे. तीन आठवडे तारीख राहिलेले टिन किती येतात, ते आता मला कळतं. कुणावर राग नाही येत, माझाच हात दिसतो त्यात.

घरात आम्ही थोडंच बदललंय. स्टँडिंग ऑर्डर आहे तशीच आहे, ती चांगली सोय आहे, चर्चलाही हिशोब करता येतो. पण अठ्ठावीस तारखेला रात्री जेवताना मिस्टर मुलांना सांगतात की आज एवढे गेले, आणि घरातलं प्रत्येक जण या महिन्यात कुणाकडून काय मिळालं ते एक सांगतं. मुलगी पाच वर्षांची आहे, ती दर वेळी "स्विमिंग" म्हणते. चालेल. थोडी रक्कम आम्ही रोख काढतो आणि मुलं ती रविवारी स्वतःच्या हाताने थैलीत टाकतात. आणि फूड बँकेसाठी दुकानात जाऊन जे आम्ही स्वतः खातो तेच घेतो, त्याच ब्रँडचं. मुलाने पहिल्यांदा निवडलं ते स्वतःच्या आवडीचं चॉकलेट बिस्किट. मी म्हणणार होते, अरे डाळ घे, तांदूळ घे. गप्प बसले.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नाहीतर गैरसमज होईल. द्या म्हणजे शंभरपट मिळेल, असे व्हॉट्सॲपवर फिरणारे मेसेज मला पटत नाहीत. माझ्या आईने जन्मभर पहिला वाटा काढला. ती श्रीमंत झाली नाही, तिचा कानही बरा झाला नाही. पौल करिंथकरांना मासेदोनियाच्या मंडळ्यांचं उदाहरण देतो, त्या तर फार गरिबीत असताना देत होत्या, काही मिळावं म्हणून नाही. आणि ज्यांचं सध्या खरंच भागत नाही, घराचं भाडं डोक्यावर आहे, त्यांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये. तुमची आत्ता घ्यायची वेळ असेल. घ्या. टोपलीत तुमचा वाटा देवानेच ठेवलाय. फक्त पुढे लेकरांना सांगा.

आईच्या मशीनचं राहिलं. निघायच्या आधी मी तिला घेऊन नगरला गेले, तिचं मशीन बदलून चांगलं घेतलं, आणि वरचे पैसे तिच्या हातात न देता सरळ दुकानात भरले. मला वाटलं, आता कशाचा दशमांश काढेल? परवा फोनवर बोलताना नातीचं गाणं तिला शब्दनशब्द ऐकू आलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मशीन फार झकास आहे गं. मी पाळकसाहेबांना सांगितलंय, त्याचे मी अंडी विकून थोडे थोडे देणार आहे."

मी काही बोलले नाही. मोठ्या मुश्किलीने.

तुमच्या घरी मुलांना ही गोष्ट माहीत आहे का? सुरुवातीच्या दिवसांत कुणी गादी दिली, कुणी विमानतळावर घ्यायला आलं, कुणी नोकरीसाठी शब्द टाकला? कमेंटमध्ये मला नका सांगू हवं तर. आज जेवताना त्यांना सांगा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो. आता झोपते, दुपारी शाळा सुटायच्या आत उठायचंय.